कोणते मासे उरले?

घाणेवाडीचा जलाशय, मोती तलाव, जालना शहरातून वाहणाऱ्या कुंडलिका आणि सीना नद्या. यांचं पाणी कसं आहे, हे आपण रंगावरून, वासावरून ठरवतो. प्रयोगशाळा बाटलीभर नमुना तपासते, पण तो त्या घटकेपुरता असतो. मासा मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात श्वास घेतो. अंधारात सोडलेल्या सांडपाण्याचा परिणामही त्याच्या कल्ल्यांवर, यकृतावर होतो.

माशाची ही साक्ष नीट समजून घ्यावी लागते. मासे आहेत म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतला प्राणवायू घेतात. चिलापी घाण पाण्यातही वाढते. रोहू, कटला, मृगळ यांचं तर अनेक तलावांत बीज सोडलेलं असतं. म्हणून विचारायचं ते हे : नदीचे मूळचे मासे कोणते उरले, कोणते गेले, त्यांची पिल्लं दिसतात का? १९८१ साली, म्हणजे आपला जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी अशाच प्रश्नांवरून ओढ्या-नद्यांना गुण देण्याची पद्धत मांडली. जाती किती, त्यांत नाजूक किती, चिवट किती, अंगावर जखमा-गाठी किती माशांच्या, हे त्यात मोजतात.

मासे जगण्या-वाढण्यासाठी लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाण्यानं शेवाळ माजतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र नुसता वापरतं. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि मासे वर येऊन आ वासतात. दुपारच्या नमुन्यात हे संकट दिसतच नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे. पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांना विचारा, पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळतं. महाविद्यालयांनी त्याची दरसाल नोंद ठेवावी. मेलेले मासे तरंगताना दिसले, तर ते खाऊ नका, विकू नका. ते उचलून पुरण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. पाण्याचा आणि माशांचा नमुना त्याच दिवशी घेतला गेला, तरच कारण सापडेल. आणि कारण सापडलं, तरच पुढच्या वर्षीचे मासे वाचतील.