‘मोकळी’ ह्या एका शब्दाने किती एकर गेले?

(गिरणगावातील सभेत केलेले भाषण)



आज मी पगाराचा हिशेब मांडायला उभा नाही, बोनसचाही नाही. आजचा हिशेब जमिनीचा आहे. ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर ह्या पट्ट्यात गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. ती गेली कुठे? कुणाच्या पदरात किती पडली? आणि तुमच्या वाट्याला चिंधी का आली? एवढं नीट समजलं, तरच घराची लढाई पुढे नेता येईल.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिची चाके फिरू लागली. मग गिरण्या वाढल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. गिरणीच्या अंगाला चाळी उठल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपावं लागे, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. भोंगा झाला की कामगार पायी गिरणीत जाई. काम, बिऱ्हाड, खानावळ, बाजार सारं चालत जाण्याच्या अंतरात होतं. रेल्वेवर त्याचा भार नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढचे हाल तुम्ही भोगले आहेत, मी काय सांगू? लोक म्हणतात, संपाने गिरण्या बुडवल्या. हे अर्धंच सांगणं झालं. साचा चालवून जे मिळत होतं, त्याच्या कितीतरी पट साच्याखालच्या जमिनीचं मोल झालं होतं. मग साचा चालवायचा कुणी आणि कशासाठी?

१९९१ साली सरकारने विकास नियंत्रण नियमावली आणली. तिच्यातला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांचा. मालकाला जमीन विकायला, बांधायला मुभा मिळाली, पण अट घातली. जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला, मैदाने-बागांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला.

आता हिशेब करू. धरा, एक गिरणी १५ एकरांची आहे. म्हणजे पाच एकर मैदान, पाच एकर घरे, पाच एकर मालक. चोख वाटणी!

२००१ साली ह्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी कशाची? सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. आता तुम्हीच सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते कुठे? त्रासनखाते, साचेखाते, बॉयलर, गोदाम, सगळं शेडखाली. आपल्या १५ एकरांतले १२ शेडखाली असतील, तर वाटणीला उरले तीन. मैदानाला एखादा एकर, घरांना एखादा एकर. शेड पाडली तरी तिच्याखालची जमीन वाटणीबाहेरच. पाच एकरांचा एक एकर झाला, आणि त्यासाठी ना लाठी चालली ना गोळी. एक शब्द घातला, बस्स.

मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी ह्याविरुद्ध दावा लावला. २००५ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही आपण ऐकलं पाहिजे. दोन वाटे सोडायचे तर मालक पुढे येत नाहीत. जमीन विकली गेली तर आजारी गिरण्यांना पैसा मिळेल, कामगारांची देणी भागतील, असं ते म्हणणं. देणी मिळाली, नाही कोण म्हणतो? पण देणी ही मजुरीची बाकी होती. तिच्या बदल्यात शहराच्या मैदानावर आणि घरावर पाणी सोडायला कामगाराने कधी सांगितलं होतं?

ह्याहून चांगली वाट नव्हती असंही नाही. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करा, असं सरकारला सांगितलं होतं. हेच कोरिया खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. १९७० साली सिडको निघाली, ती बेटावरची गर्दी हलकी करून कामधंदे खाडीपलीकडे न्यायला. मग झालं काय? ज्या परळमधून कामगार बाहेर पडला, त्याच परळमध्ये काचेच्या कचेऱ्या आल्या. गिरणीचा कामगार पायी येई. कचेरीचा कारकून लोकलने येतो. जमिनीचा वापर बदलला, पण स्टेशनचा जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली. पावसाला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. ताण्यातले धागे वाढवायचे आणि फणी जुनीच ठेवायची, तर कापडाचं काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

आता घराचं. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत काढली. घरे ६,९२५. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाहून जास्त. पुढेही सोडती निघाल्या, पण रांग हटली नाही. मग बदलापूरच्याही पलीकडे, वांगणी आणि शेलूला घरे देण्याची योजना पुढे आली. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला सांगायचं, तुझ्या घामाची जमीन परळात, तुझं घर कर्जतच्या वाटेवर! जागा नाही म्हणून? जागा होती. ती ‘मोकळी’ नव्हती, एवढंच.

तर बंधूंनो, करायचं काय? संयुक्त महाराष्ट्रासाठी ह्याच गिरणगावाने रक्त सांडलं आणि १९६० साली राज्य मिळालं. त्या राज्याने १९६६ साली प्रादेशिक व नगररचनेचा कायदा केला. त्याच्या ३७ व्या कलमाखाली आराखड्यात फेरबदल करायचा झाला, तर आधी नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची. ही नोटीस राजपत्रात येते, आणि आपण राजपत्र वाचत नाही. बिल्डर वाचतो, त्याचा वकील वाचतो.

म्हणून प्रत्येक चाळीत दोन शिकलेली पोरं ह्या कामाला लावा. विभागाचा आराखडा मिळवा आणि चाळीच्या भिंतीवर टांगा. गिरण्यांचा नियम आता २०३४ पर्यंतच्या नियमावलीत ३५ व्या क्रमांकावर आहे, तो मराठीतून मोठ्याने वाचून दाखवा. नोटीस निघाली की महिन्याच्या आत चाळीचाळीतून हरकती गेल्या पाहिजेत, सह्यांनिशी, पोच घेऊन. मोर्चा काढूच, पण मोर्च्याच्या हातात कागदही असू द्या.

बापजाद्यांनी कापडातला एक चुकलेला धागा लांबून ओळखला. नियमातला चुकलेला शब्द ओळखायला आपण आता शिकू या.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!