‘एक पालक’ म्हणजे कोण?

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘कुलवृत्तांत’ असा छापला आहे, पण कुलवृत्तांतावर मी फारसं बोलणार नाही. आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या वाट्याला दीड ओळ आली आहे: रत्नागिरी जिल्ह्यात मराठी शाळेवर मास्तर, मुलं पाच. पणजीचं माहेरचं नावसुद्धा दिलेलं नाही. त्या दीड ओळीपलीकडचा माणूस मला जुन्या वर्तमानपत्रांत भेटला. तो कसा भेटला, ते सांगते.

आधी एक सांगून टाकते. नावाने शोधायला जाऊ नका. खेड्यातल्या मास्तराची बातमी व्हायची ती बदली झाली किंवा मास्तर वारले तर, आणि तीही बरेचदा ‘येथील मास्तर’ एवढ्यावरच भागवलेली. नाव आलंच तर मागे ‘रा. रा.’ लावून त्याचं आणि वडिलांचं. आडनावाचा पत्ता नाही. संगणकावर शोधणाऱ्यांची आणखी पंचाईत आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, त्याआधीचं मराठी अनुस्वारांनी भरलेलं. तुम्ही ‘शाळेत’ टाइप कराल आणि अंकात ‘शाळेंत’ छापलेलं असेल. त्यात छापखान्याचे खिळे झिजलेले, जोडाक्षरं तुटलेली. तारीख शकात असली तर ७८ मिळवायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या अंकांना मात्र ७९. हे विसरलात तर माणूस एक वर्ष आधीच निवर्ततो.

म्हणून गावाच्या नावाने शोधायचं. जिल्ह्याच्या साप्ताहिकात गावोगावची बातमीपत्रं असायची. कुठे पटकी, कुठे वाघाने गुरं मारली, कुठे जत्रा, कुठे पावसाची ओढ. पहिली दोन पानं पुण्या-मुंबईच्या राजकारणाची आणि मागचं पान कोर्टाच्या नोटिसांचं. या नोटिसांच्या पैशांवर कित्येक साप्ताहिकं तगली. आपल्याला हवं असतं ते मधलं पान.

ते मधलं पान लिहायचं कोण? संपादक रत्नागिरीत, आणि गाव दोन खाड्या ओलांडून पलीकडे. गावात रोज लिहिणारा हात एकाच माणसाचा, मास्तरांचा. पोस्टही पुष्कळ गावी शाळेतच असे आणि थोड्याशा भत्त्यावर मास्तरच पोस्टमास्तर. टपालाची थैली त्यांच्याच पुढ्यात सुटायची. गावात येणारा अंक आधी ते वाचत, मग संध्याकाळी चार माणसांना वाचून दाखवत. अशा माणसाने कधी बातमी धाडली नसेल, हे मला पटेना. तेव्हा पणजोबांविषयीच्या बातम्या शोधायचं सोडून मी पणजोबांनी पाठवलेल्या बातम्या शोधू लागले.

आणि एक पत्र हाती आलं. साल १९१९, ऐन पावसाळा. पणजोबांच्या गावच्या शाळेची तक्रार: लोकल बोर्डाने शाकारणीचे पैसे मंजूर केले, पण कौलं काही आली नाहीत, पहिली-दुसरीची मुलं देवळाच्या सभामंडपात बसतात, नकाशा भिजून त्यातला हिंदुस्थान पुसट झाला. खाली सही ‘एक पालक’. पत्रात मधेच एक वाक्य असं येतं की पटावर बासष्ट मुलं असून सरासरी हजेरी ४१.३ आहे.

मंडळी, १९१९ साली कोकणातल्या खेड्यात कुठला पालक मुलांची सरासरी हजेरी दशांश अपूर्णांकात सांगतो? पालकाला आपला बंड्या शाळेत गेला की आंब्यावर चढला, एवढं कळलं तरी पुष्कळ. हजेरीपट ज्याच्या टेबलावर असतो त्याचंच हे वाक्य आहे. खात्याचा नोकर परवानगीशिवाय वर्तमानपत्रात बोर्डाविरुद्ध लिहिता तर नोकरीवर गदा आली असती. म्हणून पणजोबांनी पालकाचं सोंग घेतलं आणि मास्तरकीची सवय काही त्यांना लपवता आली नाही.

पण नुसत्या अंदाजावर मी इथे उभी राहिले नसते. शाळेत शेरेबुक असतं. तपासणीला आलेले शिक्षणखात्याचे डिप्युटीसाहेब त्यात आपला शेरा लिहून जात. या शाळेचं जुनं शेरेबुक हेडमास्तरांनी पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. त्याच महिन्याचा शेरा आहे, पट तोच, सरासरी तीच. पुढे पणजोबांची बदली खाडीपलीकडे झाली, आणि या गावाची पत्रं थांबली. काही महिन्यांतच पलीकडच्या गावाहून ‘एक ग्रामस्थ’ लिहू लागला. त्याचाही पट आणि सरासरी चोख.

लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत याच जिल्ह्यातले शाळामास्तर. ते पुढे असिस्टंट डिप्युटी झाले आणि मुलगा टिळक निघाला, म्हणून त्यांचं चरित्र उरलं. बाकीच्या मास्तरांचं चरित्र असल्या निनावी पत्रांतच शोधावं लागेल, असं माझं मत आहे.

आता न आवडणारं सांगते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात तिथले सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. त्यानंतरची ‘एक ग्रामस्थ’ची पत्रं मी बारकाईने वाचली. कौलं आहेत, घड्याळ आहे, ड्रिलमास्तर हवा ही मागणी आहे. पडवीबाहेर कोण बसतं, याबद्दल चकार शब्द नाही. बासष्टांचा हिशेब दशांशापर्यंत ठेवणाऱ्याला हे दिसलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पणजोबा माझे आहेत म्हणून त्यांची वकिली करायला मी आलेले नाही. दुसरी बाजू वाचायची तर दुसरी वर्तमानपत्रं उघडावी लागतात: १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ पासूनचा ‘बहिष्कृत भारत’, आणि मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलेला ‘दीनमित्र’. आपल्या आजा-पणजाची शाळा बाहेर बसवलेल्या मुलाला कशी दिसत होती, ते तिथे कळतं. दोन्ही वाचल्याशिवाय मास्तर पुरता कळत नाही.

तुम्ही लंडनकरांना एक सोय आहे, जी रत्नागिरीकरांना नाही. देशी पत्रांत काय छापून येतं यावर सरकारची नजर असे. मुंबई इलाख्यातल्या पत्रांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारसाठी तयार व्हायचा. त्याच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतल्या याद्यांत पत्राचं नाव, गाव, खप आणि संपादकाचं नाव, जात, वयसुद्धा नोंदलेलं सापडतं. मूळ अंक हरवला असेल तिथे निदान त्याचा सारांश मिळू शकतो. पाळत ठेवणाऱ्यांनी आपल्यासाठी एवढं करून ठेवलं आहे, तर त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. मूळ अंकांसाठी मात्र गावीच जावं लागेल. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. पुण्या-मुंबईचे मोठे संग्रह आहेतच, पण आपल्या जिल्ह्याचं साप्ताहिक बहुधा आपल्याच जिल्ह्यात, वाचनालयाच्या माडीवर गठ्ठ्यात बांधलेलं असतं.

शेवटी एक विनंती. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरचे जुने अंक रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढाल तेव्हा आपल्याला हव्या त्या बातमीपुरता काढू नका, पूर्ण पानाचा काढा आणि पत्राचं नाव, तारीख त्यात येऊ द्या; आजोबांनी जपलेल्या निम्म्या कात्रणांवर या दोन्ही गोष्टी नसतात, आणि मग ती कुणाच्याच कामाची राहत नाहीत. अंक घरी ठेवणं जमत नसेल तर जवळच्या वाचनालयाला द्या आणि पोच घ्या.