पोलीस ठाण्याची पायरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी ही बाई पोलिसांची कथा काय लावून बसली, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण बायकांनी त्या म्हणीत पोलीस ठाण्याचीही पायरी आपल्या पदरची घातली. ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याच विदर्भात, 1972 साली, देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयात ते दोघे सुटले. पुढे 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयास उघड पत्र लिहिले, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदाच बदलावा लागला. म्हणजे घाबरून घरी बसलेल्या बायकांनी नव्हे, तर पायरी चढलेल्या बायकांनी तो बदलविला.

आता हे खाते आहे तरी कसे? वाड्यात जशा खोल्या, तशा त्याच्या शाखा. वर जिल्हा पोलीस अधीक्षक, खाली वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट येथे उपविभागीय अधिकारी, मग ठाणी. आपल्या शहरातच वर्धा शहर आणि रामनगर अशी दोन, आणि शहराला लागून सावंगी नि सेवाग्राम. गावात पोलीस पाटील असतो, तो 1967 च्या कायद्याने नेमलेला. अलीकडे कित्येक गावी पाटीलपदावर बाई आहे. मोठ्या चोऱ्या-खुनांचा माग स्थानिक गुन्हे शाखा काढते. वाहतूक शाखा तर आपण सर्वजणी ओळखतोच, विशेषतः ज्यांचे चिरंजीव गाडी हाकतात त्या! बँकेतून बोलतो म्हणून कोणी फोनवर पैसे काढून घेतले तर सायबर शाखा; त्यासाठी 1930 हा क्रमांक ताबडतोब लावावा, दुसऱ्या दिवशी नव्हे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात धावत असतो. तातडीला 112.

आणि आपल्या कामाची खोली म्हणजे भरोसा सेल. नवराबायकोचे, सासरमाहेरचे तंटे तेथे ऐकून घेतात, दोन्हीकडच्यांना बोलावून समजूत घालतात. काम चांगले आहे. पण एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. समजूत घालणे निराळे आणि तक्रार नोंदणे निराळे. ज्या बाईचा हात मोडला आहे तिची समजूत कसली काढावयाची?

काही वर्षांमागे आमच्या शेजारची सून रात्री माझ्या दाराशी आली. अंगावर वळ होते. मी तिला घेऊन एका ठाण्यात गेले. कोणते, ते सांगत नाही. तासभर बसवून ठेवले, मग एकाने काही लिहून घेतले, कागद हातात दिला नि म्हणाले, "झाली तुमची तक्रार." आम्ही हायसे वाटून घरी आलो. महिन्याने एका वकिलांनी तो कागद पाहिला तेव्हा कळले की ती अदखलपात्र नोंद होती. तशा नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना तपासच करता येत नाही! त्यांचे चुकले, हे खरे. पण मी चार बुके शिकलेली बाई, मीही तो कागद वाचला नाही, याची मला आजही लाज वाटते.

म्हणून सांगते. नवऱ्याच्या वा सासरच्यांच्या छळाची तक्रार त्या बाईने स्वतः किंवा तिच्या नातलगाने दिली तर ती दखलपात्र ठरते. शेजारणीच्या एकटीच्या सांगण्याने भागत नाही. तिच्यासोबत जावे, पण बोलू तिला द्यावे. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्यावाचून उठू नये आणि वाचल्यावाचून घडी करू नये. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी पहिल्या ठाण्याने तो नोंदून घ्यावयाचा असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. नाहीच घेतला, तर तक्रार लिहून टपालाने थेट अधीक्षकांकडे पाठवावी. साक्षीसाठी बाईला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तिचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा लागतो.

आता दारूकडे वळते. आपला जिल्हा 1974 पासून दारूबंदीचा, आणि दारू किती मिळते हे आपणांस ठाऊकच आहे. पलीकडच्या जिल्ह्यांतून बाटल्या येतात, इकडे नाल्याकाठी मोहाचा सडवा पुरलेला असतो. पोलीस भट्ट्या उद्ध्वस्त करतात, महिन्याने त्या पुन्हा पेटतात. का? माझ्या मते एक कारण आपल्याकडेही आहे. धाड पडल्यावर जप्तीचा पंचनामा होतो, नमुना तपासणीस जातो, आणि मग पंच कोर्टात उभे राहून "मला काही माहीत नाही" म्हणतात. खटला तेथेच बसतो. पंच म्हणून बाईलाही उभे राहता येते, आणि आपल्यापैकी किती जणी राहिल्या आहेत? उलट आपण संतापाने जातो, मडकी फोडतो, सडवा सांडून देतो. मन शांत होते, पण पुरावाही मातीत जातो. मडके फोडण्याआधी पोलिसांना बोलवावे, त्यांच्यासमोर नमुना भरू द्यावा, मग खुशाल फोडावे.

सेलूकडच्या एका बाईने मला विचारले होते, "भट्टीचं सांगू त सांगू, पन नाव माह्यं निघन ना?" या प्रश्नाला माझ्याजवळ सोपे उत्तर नव्हते. एकटीचे नाव निघते, पंचवीस जणींच्या सह्यांच्या अर्जात कोणाचे नाव निघणार? मंडळाचा शिक्का असाच कामी यावा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी झाली आणि 2021 साली उठली. चोरटी विक्री नि गुन्हे वाढले, असे कारण सरकारने दिले. आपल्याकडेही तेच कारण कोणी पुढे करू नये, एवढी काळजी आपणांस घ्यावयाची आहे.

गांधीजींनी 1940 साली, सेवाग्रामी राहत असता, लिहिले होते की त्यांच्या कल्पनेतील पोलीस हे लोकांचे धनी नसून सेवक असतील. सेवकाशी ओळख मात्र आपणच करून घ्यावी लागते. तेव्हा मंडळातर्फे लवकरच आपण एका ठाण्यास भेट द्यावी, नोंदवही कशी असते, तक्रार कशी लिहितात, ते बघून यावे, असे मी सुचविते. तेथे महिला पोलीसही भेटतील. भरतीत 30 टक्के जागा बायकांसाठी आहेत. ज्यांना यावयाचे त्यांनी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मी येणारच आहे, आणि आमच्या शेजारची ती सूनही येते म्हणाली आहे.