यातलं तुझं काय?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला बोलायला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना एवढा वेळ मला फक्त वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहण्यासाठी मिळायचा, त्यामुळे थोडं दडपण आहे.

मागच्या मेळाव्यात मी प्रत्येकाला आमच्याकडचा एकेक एलईडी बल्ब दिला होता, आठवत असेल. सगळ्यांनी कौतुक केलं. शास्त्राच्या सरांनी मात्र बल्ब कानाशी नेऊन हलवला, चष्मा वर करून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "भाग बाहेरून येतात आणि तू जोडतोस. मग यातलं तुझं काय रे?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी जाताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात होता. आज त्याचं उत्तर देतो. सर पहिल्याच रांगेत आहेत, तेव्हा थापा मारायची सोय नाही.

आधी कबुली देतो. मी धंदा सुरू केला तो जोडणीचा नव्हताच. गणपती-दिवाळीला मुंबईच्या लोहार चाळीतून माळा आणायच्या आणि सांगली-मिरजेकडे विकायच्या, एवढंच होतं. पुढे एलईडी आले. २०१३ साली मी चीनमध्ये झोंगशानजवळच्या गूझेनला गेलो. दिव्यांच्या धंद्याचं ते पंढरपूरच. जिकडे बघाल तिकडे दिव्यांचीच दुकानं. तिथून मी १२ हजार तयार बल्ब मागवले. माझ्या नावाची छापील खोकी, त्यावर माझाच लोगो. आईने एक खोकं देवापुढे ठेवलं होतं.

उन्हाळा छान गेला. पावसाळ्यात बल्ब परत यायला लागले. एका दूध संस्थेने तर पोत्यात भरून तीनशे आणून दिले. आणणारा माणूस काही बोलला नाही, पोतं दारात ठेवलं आणि गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

बल्ब का गेले हे मला सांगता येईना. आतलं सगळं चिकटवून बंद. फोडला तर फुटतो. पुरवठादाराला फोटो पाठवले, त्याने पुढच्या मालात दोन टक्के नग जास्त देण्याची तयारी दाखवली. म्हणजे आणखी जाणारे बल्ब! शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने ब्लेडने चिरून दाखवले. २२० व्होल्ट सरळ मिळतील असं धरून बनवलेला ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे घरच्या विजेतून एलईडीला झेपेल एवढीच वीज देणारं छोटं कार्ड. आपल्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की १६०, रात्री बंद झाले की २७०. आणि न्यूट्रल तुटला की चारशेच्या आसपास. गूझेनच्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. पण मलाच ते कळायला तीनशे बल्बांचं पोतं लागलं.

पैसे सगळ्यांचे परत केले. बायकोच्या पाटल्या गेल्या. त्यावर जास्त बोलत नाही, ती आज इथे आली आहे.

तेव्हा सुटे भाग आणायचं ठरवलं. देशप्रेम वगैरे नंतर सुचलं, तेव्हा एवढंच हवं होतं की बल्ब उघडता यावा.

साधा ९ वॉटचा बल्ब म्हणजे पाच वस्तू. एलईडी बसवलेली ॲल्युमिनियमची चकती, ड्रायव्हर, बॉडी, वरचा दुधी घुमट आणि खाली आपली दोन पिनांची टोपी, जिला धंद्यात बी-२२ म्हणतात. आता गंमत बघा. तयार बल्बाचं खोकं म्हणजे बहुतेक हवाच. वीस फुटी कंटेनरमध्ये पन्नासेक हजार बल्ब बसतात, आणि भाडं भरतो आपण त्या हवेचं. तेवढ्याच बल्बांना लागणारे एलईडी मात्र रिळावर येतात. एका बल्बाला बारा धरले तर सहा लाख एलईडी, आणि चार हजारांच्या रिळाने दीडशे रिळं. ती काही खोक्यांत मावतात आणि विमानानेही आणता येतात. २०२१ मध्ये कंटेनरचं भाडं आभाळाला टेकलं तेव्हा याच हिशेबाने आम्हाला वाचवलं. ड्रायव्हरच्या आयसी मात्र तेव्हा कुठेच मिळेनात, ते दुखणं वेगळं.

सुरुवातीला एक मूर्खपणाही केला. पाचही भाग एकाच पुरवठादाराकडून, एकाच कंटेनरमध्ये, बरोबर सारख्या संख्येने मागवले. तयार मालापेक्षा भागांवर शुल्क कमी, म्हणून मी खूश. सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा एक नियम आहे. वस्तू सुटी करून आणली तरी तिचं मुख्य रूप त्यात पूर्ण असेल तर ती तयार वस्तूच धरली जाते. सायकल मोडून पेटीत भरली म्हणून सायकलच राहते, तसं. माल बंदरात अडकला, शुल्क तयार बल्बाचं भरलं, वर डिमरेज. चूक माझीच होती. इथे वाणिज्य शाखेची बरीच मंडळी आहेत, त्यांनी हसू नये.

त्याच सुमारास धंद्याचं गणितही उलटं झालं. जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. बीआयएसची सक्तीची नोंदणीही त्याच वर्षांत आली. जिथे बल्ब बनतो त्या कारखान्याची नोंदणी, प्रयोगशाळेत तपासणी, बल्बावर क्रमांक. ड्रायव्हरची नोंदणी वेगळी. कागदपत्रांनी माझे केस गेले, पण आधीचा माझा १२ हजारांचा माल या तपासणीत टिकला नसता हेही खरं.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या शेडमध्ये चौदा बायका काम करतात. त्यांची प्रमुख आपल्याच वर्गातली आहे. नाव घेतलंस तर उठून जाईन असं तिने बजावलं आहे, म्हणून घेत नाही. तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसली आहे, ओळखा. तिच्याकडे एक वही आहे, शाळेसारखीच, दोनशे पानी. परत आलेला प्रत्येक बल्ब ती स्वतः उघडते आणि लिहिते: कुठल्या गावचा, किती महिने चालला, आत काय गेलं. पहिल्या वर्षी पानंच्या पानं एकाच कारणाची होती, कपॅसिटर फुगला. बल्ब बंद डब्यात, पत्र्याच्या छपराखाली तापत होता. कपॅसिटरचं असं असतं की उष्णता दहा अंशांनी उतरली की आयुष्य जवळपास दुप्पट होतं. आम्ही जास्त तापमान सोसणारा कपॅसिटर घेतला आणि चकतीखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट पसरते की नाही हे बघायला लागलो. पेस्ट कमी पडते हे तिनेच पकडलं. घाईत मुली मधोमध एक ठिपका द्यायच्या.

दुसरी नोंद शिराळा भागातली होती. एकाच गल्लीतले अकरा बल्ब एकाच रात्री गेलेले. न्यूट्रल! मग ड्रायव्हरमध्ये उच्च दाब अडवणारा भाग आणि १०० ते ३०० व्होल्ट झेलणारी रचना आली. बल्बामागे साडेतीन रुपये वाढले. त्या साडेतीन रुपयांपायी एक मोठी ऑर्डर हातची गेली, आणि मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने ती वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि चहा सांगितला.

तर सर, हिशेब असा. बॉडी आणि घुमट आता कुपवाडच्या एमआयडीसीतच ओततात, साचे आमचे. टोपी देशातलीच. ड्रायव्हरचं कार्ड पुण्यात भरून येतं, रचना आम्ही ठरवतो. आयसी बाहेरची. आणि जो खरा उजेड देतो तो एलईडी, तो अजून पूर्ण परका आहे. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल तीन जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना मिळालं, त्यात आमचा वाटा शून्य. २०२१ च्या अर्थसंकल्पात सरकारने एलईडी दिव्यांच्या सुट्या भागांवरचं शुल्कही ५ वरून १० टक्के केलं, म्हणजे आता भागही इथेच करा असं सांगणं आहे. माझ्या ताकदीबाहेरचं आहे ते. चिप बनवायचा कारखाना मी काढू शकत नाही, आणि काढीन अशी फुशारकी मारत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात भारतीय लिहितानाही माझा हात थोडा अडखळतो. आम्ही आता भागांची यादी छापतो, कुठला कुठून आला ते. विक्रेते म्हणतात, गिऱ्हाईक वाचत नाही. सर वाचतात.

मग माझं काय? ती दोनशे पानी वही. आता तिसरी चालू आहे. शिराळ्यात काय होतं आणि जतमध्ये काय होतं हे गूझेनमध्ये कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सर, गेल्या वेळचा तुमच्याकडचा बल्ब गेला असेल तर बाहेरच्या टेबलावर द्या. ती उघडून बघेल, आणि गावाच्या रकान्यात आपल्या शाळेचं नाव लिहील.