दुधारी पात्याची दाढी

किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याच घडणीचा दुधारी पात्याचा रेझर आजही उत्तम दाढी करतो. नवख्यांनी मात्र घाई करू नये.

कोमट पाण्याने चेहरा चांगला भिजू द्या. भिजलेला केस मऊ पडतो. ब्रशने साबणाचा दाट फेस काढा. आता खरी गोष्ट कोनाची. रेझरचं डोकं गालाला टेकवा, दांडा जमिनीला समांतर. मग दांडा हळूहळू खाली आणा. पातं केसाला लागून बारीक करकर ऐकू आली, की तिथेच थांबा. हा कोन साधारण ३० अंशांचा. दाब अजिबात नको, रेझरचं वजन पुरतं. केस वाढतात त्याच दिशेने आखूड हात मारा. मानेवर ही दिशा बदलते, म्हणून आधी बोटांनी चाचपून बघा. उलटी दाढी सुरुवातीला टाळाच.

नंतर गार पाणी, आणि ओल्या गालावर तुरटीचा खडा.

आणि एक कळकळीची विनंती. वापरलेली पाती कचऱ्यात उघडी टाकू नका, सफाई कामगारांचे हात कापतात. ती पत्र्याच्या डबीत साठवा आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ असं लिहून द्या.