भिंतीची ओल आणि घरगुती दुरुस्ती

श्रावण सरत आला कीं गणपतीची आरास मांडण्यासाठीं कपाटें हलविलीं जातात, आणि पुष्कळ घरांतून त्याच वेळीं एक नको असलेला शोध लागतो. कपाटामागची भिंत जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत काळवंडलेली व फुगलेली असते. नख लावतांच रंगाचा पापुद्रा सुटतो आणि त्यामागून पिठासारखी पांढरी पूड गळूं लागते. भिंतीला लोणा लागला असें जुनीं माणसें म्हणत, तोच हा प्रकार. पाहुणे तोंडावर आलेले असतात. घरचा कर्ता पुरुष बाजारांतून लुकणाचा व रंगाचा डबा आणतो, दोन दिवसांत भिंत आरशासारखी होते, आणि पुढल्या आषाढांत तोच डाग पुन्हा दिसूं लागतो; बहुधा वीतभर वर चढलेला.

रंगानें भिंतीचा पृष्ठभाग झांकला जातो. पाण्याची वाट त्यानें बंद होत नाहीं. ओलीच्या दुरुस्तींत निम्म्याहून अधिक काम पाहण्याचें असतें, आणि तें कोणत्याहि कुटुंबास फारसा खर्च न करतां होण्यासारखें आहे. थापी हातांत घ्यावयाची ती त्यानंतर.

भिंतींत पाणी येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पावसाचें पाणी वरून किंवा बाजूनें शिरतें. जमिनींतील ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, वातींत तेल चढावें तशी, वर चढते. नळ किंवा सांडपाण्याची नळी भिंतीच्या पोटांतच गळत असते. आणि कधीं कधीं पाणी बाहेरून मुळींच आलेलें नसतें. खोलींतील दमट हवेचें बाष्प थंड भिंतीवर जमून दंवासारखें ठिबकतें. पावसाची ओल पावसाबरोबर येते व उन्हाळ्यांत विरते. जमिनींतून चढलेली ओल बारमाही असते, तिची वरची कड साधारणतः ३ ते ४ फुटांच्या आंत राहते, आणि त्या कडेशीं लोण्याची पांढरी रेघ उमटते. ऐन वैशाखांतहि जो डाग वाढत राहतो त्याच्यामागें नळ असण्याचा संभव फार. याची खात्री करण्यास रात्रीं निजण्यापूर्वीं घरांतील सर्व तोट्या बंद कराव्या, पाण्याच्या मीटरवरील आंकडा लिहून ठेवावा आणि सकाळीं कोणी पाणी घेण्यापूर्वीं तो पुन्हा पाहावा. गच्चीवर टांकी असेल तर तिच्यांत पाणी येण्याची तोटीहि बंद करावी व टांकींतील पाण्याची पातळी खुणेनें नोंदावी. आंकडा सरकला किंवा पातळी उतरली, तर पाणी कोठें तरी जात आहे.

बाष्पाचा संशय असल्यास पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद वीतभर घेऊन, भिंत पुसून, चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा व दोन दिवसांनीं काढावा. खोलीकडच्या अंगाला दंव असेल तर तें हवेंतील बाष्प होय. अशा ठिकाणीं कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें ओढणें व खिडकी उघडी ठेवणें एवढ्यानेंच बहुधा काम भागतें. कागदाची भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतींतूनच येत आहे.

वरच्या व खालच्या बिऱ्हाडांत छतावरील एका डागापायीं वर्षानुवर्षें अबोला धरलेला आढळतो. खालचीं माणसें वरच्या मोरीस दोष देतात, वरचीं माणसें गच्चीस. या भांडणाचा निकाल बादलीभर पाण्यांत लागूं शकतो. पाण्यांत खाण्याचा गडद रंग कालवावा, मोरीचें तोंड चिंधीनें बंद करावें आणि तें पाणी मोरींत तुंबवून ठेवावें. खालीं रंगीत थेंब उतरला तर वाद मिटला. तासाभरांत उतरला नाहीं म्हणून वरच्यांनीं मात्र लगेच विजय मानूं नये. काँक्रीटमधून पाणी झिरपावयास एखादा दिवसहि लागतो.

बाहेरचीं कामें मृग लागण्यापूर्वीं उरकावीं. गच्चीच्या पन्हळींत साचलेलीं पानें काढावीं. भेगेंत उगवलेला पिंपळ नुसता खुडूं नये; खुडलेला पिंपळ दुप्पट जोमानें फुटतो, म्हणून मुळासकट ओढून काढून ती भेग लगेच भरावी. खिडकीवरील छज्जाच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून बोटभर आंत, एक लांब खाच असते. पाण्याचा थेंब तेथें अडून खालीं पडतो व भिंतीकडे जात नाहीं. रंगाच्या थरांनीं ती बुजली असेल तर खरवडून मोकळी करावी. अर्ध्या तासाचें काम आहे. घराच्या बाहेरच्या अंगाला भिंतीशीं माती, फरशा, कुंड्या रचण्याची संवय फार वाईट. जमीन जोत्याहून निदान वीतभर खालीं असावी व तिचा उतार भिंतीपासून दूर असावा. आंतल्या खोलींतील ओल बाहेरचा मातीचा ढीग उपसल्यानेंच थांबली असें पुष्कळदां घडतें.

आतां खरा कठीण प्रश्न जुन्या घरांचा. पुण्याच्या पेठांतून, वाई-साताऱ्याकडे किंवा नाशकास अद्याप उभे असलेले वाडे चुन्यांत किंवा मातींत बांधलेले आहेत. जोसेफ आस्पडिन यानें इंग्लंडांत पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें तें १८२४ मध्यें, आणि हिंदुस्थानांत पोरबंदर येथें सिमेंटचें उत्पादन सुरू झालें तें १९१४ मध्यें. तेव्हां त्यापूर्वींच्या घराच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला तर तो बहुधा मागाहून चढविलेला समजावा. तो चढविणाऱ्याचा हेतु चांगलाच होता; सिमेंट चुन्याहून बळकट, म्हणून भिंतहि बळकट होईल असें त्याला वाटलें. परंतु चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीनें पावसाळ्यांत घेतलेलें पाणी पुढील आठ महिन्यांत त्याच्यांतून बाष्परूपानें निघून जातें. सिमेंटचा थर कठीण व दाट असतो. जुनी भिंत थोडीफार हलली कीं त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आंत जातें आणि बाहेर पडावयास त्याला पुरेशी वाट सांपडत नाहीं. मग ओल वर सरकते, क्षार गिलाव्याच्या पाठीशीं स्फटिक होऊन सांचतात व सबंध थर ढकलून देतात.

गिलावा पडला तर केर काढतां येतो. भिंतींत पुरलेल्या तुळईच्या टोंकाचें तसें नाहीं. लाकडांतील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्क्यांवर टिकून राहिला कीं त्यांत बुरशी धरते, आणि ओल्या लाकडाच्या वासावर वाळवीहि येते. खोलींतून दिसणारी तुळई तेलपाणी केलेली, धडधाकट. भिंतीआडचें तिचें टोंक मात्र भुसा झालेलें. भर पावसाळ्यांत जुन्या घराची पडवी किंवा माळा एकाएकीं खालीं येतो, त्याच्या मागें पुष्कळदां हेंच कारण असतें. म्हणून ओल्या भिंतीजवळच्या प्रत्येक तुळईला भिंतीच्या अगदीं लगत दाभण टोचून पाहावा. तो पाव इंच सहज शिरला तर घरगुती दुरुस्तीचा विषय तेथेंच संपला. त्या खोलींत निजणें बंद करावें व स्थापत्य जाणणाऱ्या इंजिनियरास बोलवावें.

तुळई निर्धोक असेल तर पुढील काम हळूहळू घरींच करतां येतें. आधीं वीज. भिंतींतील तारा कोठून गेल्या आहेत हें पाहून मुख्य कळ बंद करावी. ओल्या भिंतीला किंवा जवळच्या नळाला हात लावतां झिणझिण्या येत असतील तर तारतंत्री येईपर्यंत कशालाहि शिवूं नये. विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ घरांत नसेल तर ती प्रथम बसवून घ्यावी, रंगाचा विचार नंतर. मग बोटांच्या पेरांनीं गिलावा ठोकून पाहावा. जेथें पोकळ आवाज येतो तेथपासून लोण्याच्या रेघेच्या वर हातभर इतका सिमेंटचा गिलावा छिन्नीनें काढावा. छिन्नी तिरपी धरावी. सरळ ठोकल्यास विटांचीं तोंडें उडतात. पूड कोरड्या ब्रशानें झाडून गोळा करावी व घराबाहेर टाकावी. पाण्यानें धुतल्यास तेच क्षार पुन्हा भिंतींत शिरतात.

यानंतर वाट पाहावयाची असते, आणि येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. भिंत एक इंच वाळावयास सुमारें एक महिना, असा स्थूल अडाखा आहे. दीड फुटी भिंत एका दिवाळींत उघडी करून दुसऱ्या दिवाळीस पुरती कोरडी होईल असें धरूं नये. तोंवर बैठकीच्या खोलींत उघड्या विटा दिसतील. गृहिणीला तें आवडणार नाहीं, येणारे-जाणारे विचारतील; इलाज नाहीं.

वाळलेल्या भिंतीचे सांधे त्यांच्या रुंदीच्या दुप्पट खोल कोरावे, किंचित् ओलवावे, व एक भाग भिजलेला चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू यांच्या मिश्रणानें दाबून भरावे. खाडीची वाळू क्षारामुळें निरुपयोगी. कळीचा चुना घरीं विझवूं नये हें बरें. तो विझतांना उकळतो, उडतो, आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाते. विझविलेला, मुरलेला चुना विकत आणावा, आणि त्यालाहि हातमोजे व चष्मा लावूनच हात घालावा. गिलाव्याचे थर पातळ, बोटाच्या जाडीहून अधिक नकोत. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखालीं कांहीं दिवस सावकाश घट्ट होऊं द्यावा. चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो, त्याला घाई सोसत नाहीं. वरून चुन्याची सफेदी द्यावी. तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिला तर सिमेंट काढण्याची सारी मेहनत फुकट जाईल.

भिंतीवरच्या भेगा भरण्यापूर्वीं मात्र त्या जिवंत आहेत कीं मेलेल्या हें ठरवावें. भेगेच्या दोन्हीं टोंकांवर पेन्सिलीनें आडवी रेघ ओढावी व शेजारीं तारीख लिहावी. भेगेवर कांचेची अरुंद पट्टी दोन्हीं बाजूंस चिकटवून ठेवली तर आणखी चांगलें; भिंत हलल्यास कांच तडकते. त्या खुणा एकदां दिवाळीनंतर व एकदां मृगापूर्वीं पाहाव्या. भेग रेघेच्या पुढें गेली असल्यास इंजिनियरास तीच तारीख दाखवावी, म्हणून ती भिंतीवरच असावी. वहींत लिहिलेली ऐन वेळीं सांपडत नाहीं.