नोकरी सांभाळून धिंगरी अळिंबी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण शाळेत, कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करून शेती पाहतात. त्यांचा प्रश्न असतो, "जोडधंदा कोणता करावा आणि नोकरी कधी सोडावी?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे सावकाश द्यावे लागते.

धिंगरी अळिंबीला जमीन लागत नाही. एक स्वच्छ, हवेशीर, थंड खोली पुरते. सुरुवात दर आठवड्याला फक्त १० पिशव्यांनी करा. शनिवारी संध्याकाळी १० किलो गव्हाच्या काडाची किंवा भाताच्या पेंढ्याची कुट्टी भिजत घाला. रविवारी सकाळी ती ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून थंड करा. ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के स्पॉन थराथराने पेरून पिशव्या भरा. तोंड बांधून टाचणीने बारीक छिद्रे पाडा. १५ ते १८ दिवसांत पांढरी बुरशी सर्वत्र पसरते. मग प्लॅस्टिक काढून दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याची फवारणी करावी. साधारण आठवडाभरात पहिली तोडणी मिळते. कडा वर वळण्यापूर्वीच अळिंबी काढा. उशीर झाला तर बीजाणू उडून खोकल्याचा त्रास होतो.

येथे मी केलेली चूक सांगतो. रविवारी भरले म्हणजे रविवारी विकू, असे मी गृहीत धरले. अळिंबी तयार झाली बुधवारी, मी वर्गात! रविवारपर्यंत निम्मा माल खराब झाला. ताजा माल एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग पिशव्या. उरलेला माल त्याच दिवशी वाळवा. १० किलो ताज्या अळिंबीची सुमारे १ किलो वाळलेली होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुम्ही कामावर असता तेव्हा दुपारची फवारणी कोण करते? बहुधा घरची बाई किंवा म्हातारे आईवडील. त्यांना आधी विचारा आणि वहीत त्यांची मजुरी रोज लिहा. ती वजा करून जे उरते, तोच नफा. माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत मजुरी धरल्यावर तोटाच निघाला. तो दिसला म्हणूनच सुधारता आला.

शासकीय नोकरांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लक्षात घ्यावेत. खाजगी व्यापारासाठी पूर्वपरवानगी लागते. खाजगी नोकरीत नेमणूकपत्रातील अटी वाचा.

नोकरी सोडण्याची घाई नको. एक पूर्ण वर्ष, उन्हाळ्यासह, हिशोब ठेवा. ३० अंशांच्या वर धिंगरीचे उत्पादन घटते. त्या महिन्यांत घर कसे चालेल, हे वहीतून कळले पाहिजे. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक आणि ठरलेली गिऱ्हाइके हाती असतील, तरच पुढचा विचार करा. तोवर पगार हाच तुमच्या धंद्याचा विमा समजा.

येत्या शनिवारी दहा किलो काड भिजत घाला. पण त्याआधी घरी बसून बोला.